सारखं सारखं युरिन इन्फेक्शन: प्रोबायोटिकचा खरंच उपयोग होतो का?

अबोली_नाशिक

नमस्कार. 'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण जिनं कुणी केली तिला नक्की हेच झालेलं असणार. म्हणून टोपणनावाआडून विचारते आहे.

वय ४१, शिक्षिका. मागच्या गणपतीपासून चार वेळा युरिन इन्फेक्शन झालं. तेच ते सगळं: लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटणं, गेल्यावर चार थेंब, ओटीपोटात ओढ. एकदा रक्त गेलं तेव्हा फार घाबरले होते. दर वेळी पाच दिवस अँटिबायोटिक, दोन दिवसांत बरं वाटतं, महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सोनोग्राफी नॉर्मल, शुगर नॉर्मल. शेवटच्या कल्चरमध्ये (लघवीतले जिवाणू वाढवून बघतात ती तपासणी) ई. कोलाय हा जिवाणू आला आणि औषधांच्या यादीत निम्म्याहून जास्त ठिकाणी 'आर', म्हणजे त्या औषधाला दाद देत नाही.

आता मेडिकलवाल्याने प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जिवंत जिवाणू असलेल्या, कॅप्सूल सुचवल्यात, 'लेडीज स्पेशल' म्हणे. दहाचे चारशेच्या वर. आई म्हणते, कॅप्सूल कशाला, दहीच तर असतं त्यात. आणि तेव्हापासून रोज दुपारी भाच्याच्या हाती एक वाटी दही घरी येतंय. मला दोन्हींवर भरवसा नाही आणि दोन्हींची आशाही आहे. कुणी घेतलंय का? फरक पडला का?

चिंचपेटी

+१. माझी वर्षात तीनदा वारी झाली. वाचतेय.

उकडीचा_मोदक

आमच्याकडे याला सरळ 'उन्हाळी लागली' म्हणायचे. रात्री धणे-जिरे भिजत घालायचे, सकाळी गाळून ते पाणी प्यायचं. सब्जा, वाळ्याचं पाणी, शहाळं, बार्लीची पेज. लहानपणी मेमध्ये घरातल्या निम्म्या बायकांसाठी माठाशेजारी धण्याचं पातेलं असायचं. बरं वाटायचं हे खरं. इन्फेक्शन होतं की नुसतं पाणी कमी पडून जळजळत होतं, ते मात्र कुणी तपासलं नव्हतं.

काचपट्टी

मी डॉक्टर नाही. मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं आहे, म्हणजे तुम्ही संकोचाने कागदात गुंडाळून आणता त्या बाटल्या शेवटी माझ्याकडे येतात. तेव्हा माझ्यापुढे लाजायचं कारण नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. अबोली, तुम्ही त्यात बसता.

आता हा ई. कोलाय येतो कुठून? आपल्याच आतड्यातून. गुदद्वारापासून योनीमुख, तिथून मूत्रमार्ग, तिथून मूत्राशय असा त्याचा प्रवास. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे शेवटचा टप्पा सोपा. पण मधे योनीमुख लागतं आणि तिथे, सगळं ठीक असेल तर, आधीच कुणीतरी राहत असतं. १८९२ साली डोडरलाईन नावाच्या जर्मन डॉक्टरने हे जिवाणू पाहून ठेवले होते. तेच लॅक्टोबॅसिलस. योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, त्यापासून शेवटी हे लॅक्टिक आम्ल करतात, आणि जागा चांगली आंबट ठेवतात. सामू (पीएच) साधारण ३.८ ते ४.५. एवढ्या आंबटात ई. कोलायला बिऱ्हाड थाटता येत नाही. आपण अँटिबायोटिक घेतो तेव्हा बरेचदा हे भाडेकरूही मरतात. घर रिकामं, आणि शेजारी आतड्यात तर ई. कोलायची अख्खी वसाहत. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा का होतं याचा एक भाग हा.

मग डोक्यात येणारच की रिकाम्या घरात चांगले भाडेकरू आपणच आणून बसवावेत. कॅनडातले युरॉलॉजिस्ट अँड्र्यू ब्रूस आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ग्रेगर रीड यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. जीआर-१ आणि आरसी-१४ ही जिवाणूंच्या वाणांची नावं काही खोक्यांवर दिसतात, ती या कामातून आलेली. जीआर-१ तर एका निरोगी बाईच्या मूत्रमार्गातूनच वेगळा केलेला आहे.

अबोली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'कुठला जिवाणू' आणि 'कुठून दिला' या दोन गोष्टींवर आहे. तोंडाने की योनीत. जेवणाची सुट्टी संपली, बाकीचं संध्याकाळी लिहिते.

शंकासुर

संध्याकाळची वाट बघायची गरज नाही. २०१५ साली कॉक्रेन नावाच्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. ९ अभ्यास, ७३५ माणसं. प्रोबायोटिकने इन्फेक्शन कमी होतं असं दिसलं नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशननेही २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत लॅक्टोबॅसिलसची शिफारस केलेली नाही. चारशे रुपयांची आशा आहे ती. त्यापेक्षा दह्याची वाटी बरी, निदान कढी तरी होते.

चिंचपेटी

@शंकासुर, तुम्हाला जळजळ झालीय का कधी? चारशे काय, चार हजार देईल बाई.

शंकासुर

मुतखडा झालाय दोनदा. जळजळ कळते. आणि माणूस चार हजार द्यायला तयार असतो म्हणूनच तर दुकानं चालतात.

काचपट्टी

शंकासुर चुकीचं सांगत नाहीत, पण त्या ९ अभ्यासांची मोट कशी बांधली होती ते बघा. कुठे मुलं, कुठे मोठ्या बायका. कुठे गोळी, कुठे योनीत ठेवायची वडी. जिवाणू दर ठिकाणी वेगळा. सगळ्यांची सरासरी काढली तर काय हाती लागणार? 'फळं खाऊन शुगर वाढते का' यावर आंबा आणि आवळा एकत्र तपासल्यासारखं झालं. 'उपयोग नाही' असं सिद्ध झालेलं नाही, 'सांगता येत नाही' एवढंच म्हणता येतं.

सुटे सुटे अभ्यास पाहिले की चित्र जरा उजळतं. तीन सांगते.

पहिला नेदरलँड्सचा, २०१२. पाळी गेलेल्या २५२ बायका. निम्म्यांना वर्षभर रोज अँटिबायोटिकची लहान मात्रा (कोट्रायमॉक्साझोल), निम्म्यांना जीआर-१ आणि आरसी-१४ च्या तोंडाने घ्यायच्या कॅप्सूल. वर्षभरात सरासरी अँटिबायोटिकवाल्यांना २.९ वेळा आणि कॅप्सूलवाल्यांना ३.३ वेळा इन्फेक्शन झालं. म्हणजे कॅप्सूल थोडी मागे पडली. पण खरी मेख पुढे आहे. अँटिबायोटिक गटात त्या औषधाला दाद न देणाऱ्या ई. कोलायचं प्रमाण एका महिन्यात २० ते ४० टक्क्यांवरून ८० ते ९५ टक्क्यांवर गेलं. कॅप्सूल गटात तसं झालं नाही. तुमच्या रिपोर्टवरच्या त्या सगळ्या 'आर'शी याचा थेट संबंध आहे.

दुसरा अमेरिकेतला, २०११. पाळी चालू असलेल्या १०० बायका. इथे जिवाणू लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस, आणि तो योनीत ठेवायचा. इन्फेक्शनवर आधी औषध देऊन ते बरं केलं, मग पाच दिवस रोज आणि नंतर दहा आठवडे आठवड्यातून एकदा. क्रिस्पॅटस मिळालेल्यांत १५ टक्के बायकांना पुन्हा झालं, नुसती वडी मिळालेल्यांत २७ टक्के. आकडा छान दिसतो, पण बायका थोड्या, त्यामुळे योगायोग असण्याची शक्यता उरतेच. ज्यांच्यात तो जिवाणू भरपूर रुजला त्यांना फायदा जास्त झाला.

तिसरा आपल्याकडचा, चंदीगडचा, २०२४ मध्ये छापून आला. पाळी चालू असलेल्या १७४ बायका, चार गट, कुणाला काय मिळतंय ते ना बाईला माहीत ना डॉक्टरला. चार महिन्यांनी पाहिलं तर तोंडाने आणि योनीत दोन्हीकडे खोटी औषधं मिळालेल्या गटात ७०.४ टक्के बायकांना इन्फेक्शन झालेलं. फक्त तोंडाने प्रोबायोटिक घेतलेल्यांत ६१.३. फक्त योनीत ठेवलेल्यांत ४०.९. दोन्हीकडून घेतलेल्यांत ३१.८.

तोंडाने घेतलेल्याचा फरक नावापुरता, योनीत ठेवलेल्याचा ठसठशीत. मेडिकलवाल्याने तुम्हाला दिलेली गोळी तोंडाने घ्यायची आहे, हे लक्षात घ्या.

शंकासुर

चंदीगडचा माहीत नव्हता. वाचतो. तरी १७४ चे चार भाग म्हणजे एका गटात चाळीसेक बायका झाल्या. आणि नेदरलँड्सच्या अभ्यासात खोट्या गोळीचा गटच नव्हता. त्या बायकांना आधीच्या वर्षी सरासरी सातेक इन्फेक्शनं झाली होती, दोन्ही गटांत कमी झाली. वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा बरंच जातं, काही घ्या न घ्या. माणूस अभ्यासात नाव घालतो तेच मुळी अगदी टेकीला आल्यावर.

काचपट्टी

मान्य. अगदी मान्य. म्हणूनच इथे 'मी अमुक घेतलं आणि बरी झाले' असं कुणी लिहील तेही याच चाळणीतून गाळून घ्यावं लागेल.

अबोली_नाशिक

बापरे, एवढं सविस्तर! धन्यवाद. म्हणजे दह्यातले जिवाणू आणि हे जिवाणू वेगळे? दोन्हीकडे लॅक्टोबॅसिलसच लिहिलेलं असतं म्हणून गोंधळ होतो.

काचपट्टी

आडनाव एक, घरं वेगळी. कुलकर्णी सगळ्या गावांत असतात, म्हणून काय सगळे एका घरचे? विकतच्या योगर्टमध्ये मुख्यतः बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. घरच्या विरजणात काय असतं ते घराघरावर अवलंबून. लॅक्टोकॉकस, ल्युकोनोस्टॉक, आणखी कोण कोण. त्यांना दुधात राहायची सवय. योनीत टिकून राहणारा क्रिस्पॅटस हा मुळात तिथलाच रहिवासी. दह्यातला जिवाणू पोटातून खाली उतरून तिथे संसार मांडेल, ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

गंमत म्हणजे २०२० साली शास्त्रज्ञांनाही हा आडनावाचा घोळ असह्य झाला आणि त्यांनी लॅक्टोबॅसिलस कुळाची २५ घरांत वाटणी केली. क्रिस्पॅटसला जुनं नाव राहिलं. जीआर-१ आता लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस झाला, आरसी-१४ झाला लिमोसिलॅक्टोबॅसिलस. खोक्यावर जुनं नाव दिसेल किंवा नवं, घाबरू नका.

दही खा. पोटाला चांगलं, जेवणाला चांगलं. औषध म्हणून नको.

ताकभात

विचारू की नको असं चाललं होतं. माझ्या चुलत बहिणीने कुठलासा व्हिडिओ बघून घरचं दही कापसाला लावून आत ठेवलं होतं. ते बरोबर का?

काचपट्टी

नको. कृपा करून नको. घरच्या दह्यात चांगल्या जिवाणूंबरोबर यीस्ट असतं, बुरशी असते, डावाला लागलेलं काहीबाही असतं. योनीत ठेवायच्या कॅप्सूल वेगळ्या बनवलेल्या असतात. तसंच तोंडाने घ्यायची कॅप्सूल फोडून तिथे ठेवायची हुशारीही करू नये.

रात्रपाळी

स्त्रीरोग विभागात काम करते. उशिरा पोचले, पण वरच्या दह्याच्या प्रश्नाने झोप उडाली, म्हणून आधी त्याला दुजोरा.

आतून साबण, जंतुनाशक टाकलेलं पाणी, सुगंधी 'इंटिमेट वॉश' हेही नको. आधीच मोजके भाडेकरू उरलेत, त्यांनाही हाकलताय. बाहेरून साधं पाणी पुरतं. शुक्राणुनाशक लावलेले काँडोम किंवा जेल वापरत असाल तर तेही लॅक्टोबॅसिलसला मारतं आणि इन्फेक्शन वाढवतं, हे नवरा-बायको दोघांनाही सहसा कुणी सांगत नाही.

आणि एक मनातलं. ओपीडीत निम्म्या बायका 'मी खूप स्वच्छ राहते हो डॉक्टर' या वाक्याने सुरुवात करतात. कुणी आरोप केलेला नसतो. पुढून मागे पुसलं की मागून पुढे, यावर लोकांनी अभ्यास केलेत, त्यात वारंवार होणाऱ्या इन्फेक्शनशी ठोस नातं दिसलेलं नाही. पुढून मागेच पुसा, सवय चांगली आहे, पण इन्फेक्शन झालं म्हणजे तुम्ही घाणेरड्या असं नाही. सासूने टोमणा मारला तर हे वाक्य वाचून दाखवा.

अबोली, दिवसाला पाणी किती पिता? खरं सांगा.

अबोली_नाशिक

:( पकडलंत. सकाळी निघताना अर्धा कप चहा. शाळा सुटेपर्यंत, म्हणजे दुपारी दोनपर्यंत, एखादा पेला. मुद्दाम पीत नाही. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, दोन वर्षं झाली. कुणीतरी बाहेर उभी लागते. रोज कुणाला उभं करणार? मग घरी येऊनच जाते.

चिंचपेटी

घ्या! बँकेत आमचीही तीच गत. फिरतीवर असले तर सकाळपासून थेंब नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांनी चळवळ केली, सह्या गोळा केल्या, मोफत मुतारी पुरुषांना आणि बायकांना मात्र पैसे हा भेद उघडा पाडला. तेव्हा हसले होते लोक नावाला. यात हसण्यासारखं काय ते मूत्राशयाला विचारा.

रात्रपाळी

अबोली, मग ऐका. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि सारखं इन्फेक्शन होणाऱ्या १४० बायका घेऊन एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापला गेला. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. बाकी काही नाही. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळजवळ निम्मं. तुमच्या वर्णनाची बाई त्या अभ्यासात हुबेहूब बसते. धणे-जिऱ्याच्या पातेल्यामागेही हेच असावं असं मला वाटतं; धणे निमित्त, पाणी खरं.

(हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी पाणी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.)

उकडीचा_मोदक

माझ्या आजीला सांगायला हवं होतं हे. ती म्हणाली असती, मग धण्याचंच पी की, नुसतं कशाला!

सिद्धेश्वर_पेठ

मी पुरुष आहे, धाग्यात घुसल्याबद्दल क्षमस्व. आई ६७ वर्षांची, सोलापूरला एकटी असते. डायबेटिस आहे. तिला सारखं युरिन इन्फेक्शन होतं असं तिथले डॉक्टर सांगतात. दर दोन महिन्यांनी लघवी तपासतात, रिपोर्टमध्ये पस सेल्स येतात, अँटिबायोटिक सुरू. सोबत छोट्या प्लास्टिकच्या कुपीतलं प्रोबायोटिक देतात, पिऊन टाकायचं. ते तिच्यासाठी चालेल का? मला तिच्याशी या विषयावर फोनवर बोलता येत नाही, ती लगेच 'जेवलास का' वर येते.

रात्रपाळी

घुसलात ते बरं केलंत.

पहिलं. रिपोर्टमध्ये पस सेल्स किंवा जिवाणू दिसले पण जळजळ, घाई, दुखणं, ताप यांतलं काहीच नसेल तर बहुतेक वेळा उपचार करायचे नसतात. उतारवयात, त्यातून डायबेटिसमध्ये, लक्षणांशिवाय जिवाणू असणं नेहमीचं आहे. अपवाद गर्भारपणाचा आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधीचा. तेव्हा आईंना आधी विचारा: त्रास होतो की नुसता रिपोर्ट बिघडतो? त्रास नसताना दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिक म्हणजे फायदा काही नाही, नुकसान मात्र वर काचपट्टीने सांगितलंय तेच.

दुसरं. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. त्या लघवीतून साखर बाहेर टाकतात आणि काही बायकांना त्यामुळे बाहेरच्या भागाला बुरशीचं इन्फेक्शन होतं. खाज, जळजळ होते आणि सगळे त्यालाही युरिन इन्फेक्शन म्हणतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

तिसरं. ती कुपी बहुधा बॅसिलस क्लॉसायची असणार. अँटिबायोटिकने जुलाब होऊ नयेत म्हणून देतात. त्याचा या दुखण्याशी संबंध नाही, तो लॅक्टोबॅसिलसही नव्हे.

चौथं आणि मुख्य. आईंच्या वयाला प्रोबायोटिकपेक्षा फार चांगली गोष्ट उपलब्ध आहे आणि ती कुणी देत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ होतं, ग्लायकोजेन उरत नाही, लॅक्टोबॅसिलस उपाशी मरतात. अशा जागी बाहेरून कितीही जिवाणू सोडा, राहतील कशावर? दूध गार असताना वाटीभर विरजण ओतलं तरी दही लागत नाही, तसं आहे ते. आधी दूध कोमट करायचं. योनीत लावायचं इस्ट्रिऑल क्रीम ते काम करतं. १९९३ सालचा राझ आणि स्टॅम यांचा अभ्यास आहे, ९३ बायका, आठ महिने. क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ इन्फेक्शन, साधं क्रीम लावणाऱ्यांना ५.९. आणि ऐका: सुरुवातीला एकीच्याही योनीत लॅक्टोबॅसिलस नव्हते, महिन्याभरात इस्ट्रिऑलवाल्या ६१ टक्के बायकांत ते आपणहून परतले. सामू ५.५ वरून ३.८ वर आला. विरजण कुणीही घातलं नव्हतं.

मात्रा अगदी लहान असते. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असेल तर आधी तपासणी. बाकी बहुतेकींना चालतं.

शंकासुर

०.५ विरुद्ध ५.९. याला म्हणतात परिणाम. यावर माझी काहीही तक्रार नाही, नोंद घ्यावी.

लीड्सची_माहेरवाशीण

इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, अनुभवातली भर. मला सहा महिने मेथेनामाईन हिप्पुरेट दिलं. अँटिबायोटिक नाही; आंबट लघवीत त्याचं फॉर्मॅल्डिहाईड होतं आणि जिवाणू मरतात, त्यामुळे त्याला न जुमानणारे जिवाणू तयार होण्याची भीती नाही. इथे २४० बायकांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये आला, रोजच्या अँटिबायोटिकपेक्षा फारसं कमी पडत नाही असा निष्कर्ष. तुमच्याकडे मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

डी-मॅनोजची (ही एक प्रकारची साखर) पावडर मात्र घेऊ नका असं सांगेन. मी डब्यामागून डबे संपवले. २०२४ मध्ये इथल्याच ५९८ बायकांवरचा अभ्यास आला: मॅनोज घेणाऱ्या ५१ टक्के बायकांना पुन्हा इन्फेक्शन, खोटी पावडर घेणाऱ्या ५५.७ टक्के. म्हणजे नाहीच. क्रॅनबेरीची बाजू त्यापेक्षा बरी आहे, २०२३च्या कॉक्रेनने वारंवार होणाऱ्या बायकांत साधारण पाव हिश्शाने धोका कमी होतो असं म्हटलंय. पण गोड केलेला रस म्हणजे साखरेचं पाणी.

रानजाई

अवांतर: क्रॅनबेरीऐवजी करवंदं चालतात का हो? आमच्याकडे डोंगरभर आहेत.

काचपट्टी

@रानजाई, खा भरपूर, आम्हालाही पाठवा. क्रॅनबेरीशी त्यांचं नातं नाही, कुळच वेगळं. औषध म्हणून काही सांगता येणार नाही.

@अबोली, घ्यायचंच असेल तर खोकं असं वाचा. जिवाणूच्या नावापुढे जीआर-१ सारखा वाणाचा क्रमांक आहे का? नुसतं 'लॅक्टोबॅसिलस मिश्रण' म्हणजे कुलकर्णी, राहणार महाराष्ट्र. आकडा किती? एफएसएसएआयच्या (अन्नपदार्थांचे नियम करणारी सरकारी संस्था) नियमाप्रमाणे दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर दुकानातही ते फ्रीजमध्ये होतं का, ते विचारा. नाशिकच्या मेमध्ये काउंटरवर पडलेल्या खोक्यात जिवंत काय उरलं असेल ते देव जाणे. योनीत ठेवायच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. स्टिरॉइड, केमोथेरपी चालू असेल, प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर जिवंत जिवाणू आपल्या मनाने मुळीच घेऊ नयेत.

आणि पुढच्या वेळी त्रास झाला तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी कल्चरची बाटली भरा. सुरुवातीची धार सोडून मधली. दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. गोळी घेऊन मग नमुना आणणाऱ्या बायका रोज येतात. त्यात काही उगवत नाही, मग 'कल्चर निगेटिव्ह' वाचून त्या मलाच विचारतात, मग दुखतंय का?

रात्रपाळी

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, किंवा गर्भारपण: यांपैकी काही असेल तर धागा वाचत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. पन्नाशीनंतर लघवीत रक्त दिसलं तर इन्फेक्शन बरं झालं म्हणून सोडून द्यायचं नाही, तपासून घ्यायचं.

सिद्धेश्वर_पेठ

आईबद्दल कळवायचं राहिलं. मोठ्या बहिणीला हा धागा पाठवला, तिने रात्रपाळी यांचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून आईला नेऊन दिला. आई म्हणाली, मला त्रास असा गेल्या वर्षभरात एकदाच झाला, बाकी डॉक्टर गोळ्या देतात म्हणून घेते. आता सोलापुरातच एका बाई डॉक्टरांना दाखवलं, क्रीम सुरू झालंय. शुगरच्या गोळ्यांत ते डापावालं नाव होतं, ते त्या बघतायत. त्या छापील कागदावर आईने विरजणाच्या ओळीखाली पेनने रेघ मारली आहे आणि शेजारी 'बरोबर' लिहिलंय.

रात्रपाळी

माझ्या प्रबंधावरही कुणी 'बरोबर' लिहिलं नव्हतं. आईंना नमस्कार सांगा.

अबोली_नाशिक

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय. विचारलं होतं, तर हिशेब द्यायला हवा.

मेडिकलवाल्याच्या कॅप्सूल घेतल्या नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, चंदीगडच्या अभ्यासाचं नाव काढलं तर त्यांना तो माहीत होता. योनीत ठेवायच्या कॅप्सूल दिल्या, दोन महिने वापरल्या, मग खर्च परवडेना म्हणून थांबवल्या. पाण्याची बाटली वर्गात टेबलावर ठेवते, मुलं आठवण करून देतात. कडी आम्ही सातजणींनी वर्गणी काढून बसवली. दोनशे ऐंशी रुपये, सुतारासकट. दोन वर्षं अर्ज करत होतो.

या पाच महिन्यांत एकदा इन्फेक्शन झालं, कॅप्सूल थांबवल्यावर तीन आठवड्यांनी. कल्चर आधी दिलं, मग औषध. या वेळी यादीत 'आर' कमी होते. आता गुण कॅप्सूलचा, पाण्याचा, कडीचा, की शंकासुर म्हणतात तसं वाईट वर्ष संपल्याचा, ते मला खरंच सांगता येणार नाही.

शंकासुर

एवढं प्रामाणिक कुणी लिहीत नाही. कडीला माझं मत.

चिंचपेटी

आणि दह्याचं काय झालं?

अबोली_नाशिक

आईला काही बोलले नाहीये. वाटी येतेच आहे. आता तर सोबत चटणीपण येते.